मातीच्या मावळ्यास मेणाची बैठक

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, म्हणजे आमच्या मुलुंडच्या घरांत माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरते. जुन्या धोतराच्या घडींत गुंडाळलेलीं किल्ल्यावरचीं चित्रें तींतून एकेक बाहेर येतात. सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज, भालाईत मावळे, घोडेस्वार, डोईवर पाटी घेतलेली गवळण, आणि मावळ्याहून मोठा वाघ! कांहीं यंदाच्या बाजारांतलीं, कांहीं साठ वर्षांपूर्वींचीं. वर्षभरांत उडालेला रंग पुन्हां देण्याचें काम आमच्याकडे असतें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. चित्राची उंची चार बोटें. तें चिमटींत धरलें कीं अर्धें बोटांखालीं झांकून जातें. पागोटें रंगवावें, तर अंगठा अंगरख्याच्या ओल्या रंगावर उमटतो. हाताचा घाम व तेलकटपणा जेथें लागतो, तेथें पुढचा रंग नीट बसत नाहीं. त्यांत आमच्या हातास वयोमानानें कंप सुटलेला. मावळ्यांच्या मिशा अलीकडे कानापर्यंत पोंचूं लागल्या होत्या.

गेल्या वर्षीं आम्हीं यावर एक उपाय केला आणि फसलों. एक भालाईत आम्हीं लाकडी ठोकळ्यावर अतिशय चिवट गोंदानें चिकटविला. रंगवितांना फार सोय झाली. परंतु सोडवितांना खटकन् आवाज झाला. मावळा हातांत आला, पावलें ठोकळ्यावरच राहिलीं! तो मावळा आमच्या कैलासवासी वडीलबंधूंनीं लहानपणीं खाऊच्या पैशांतून घेतलेला होता. नातवानें कांहीं न बोलतां तो बुरुजामागें गुडघाभर मातींत उभा केला. "आजोबा, पुढच्या वर्षीं मीच रंगवीन हं," एवढेंच तो म्हणाला. तें बोलणें आम्हांस वर्षभर टोंचत राहिलें.

चूक कोठें झाली? ठोकळ्याची कल्पना योग्य होती, बंधन मात्र चुकलें. चार दिवसांच्या कामास जन्माची गांठ कशाला? जें घट्ट धरील आणि वेळ येतांच निमूटपणें सोडील, असें कांहीं हवें होतें. तें देवघराच्या फडताळांतच सांपडलें : मधमाश्यांचें मेण.

संस्कृतांत मेणास ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात. मध काढून घेतल्यावर उरलेलें तें उच्छिष्ट. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत धातूच्या मूर्ति ओतण्याची रीति सांगितली आहे. आधीं मेणाची मूर्ति करावयाची, तीवर मातीचे लेप द्यावयाचे आणि तापवून मेण वितळवून काढून रिकाम्या सांच्यांत धातूचा रस ओतावयाचा. आपलें काम झालें कीं निघून जाणें, हा मेणाचा जुनाच धर्म आहे. लांकडाचीं खेळणीं करणारा कातारीहि असाच शहाणा. फिरत्या सांगाड्यावर खेळणें पक्कें धरलेलें असतें, तोंच तो त्यावर लाखेचा रंग चढवितो. कापून वेगळें करणें शेवटीं.

आमची यंदाची कृति अशी. औषधाची छोटी, रिकामी बाटली घ्यावी. तींत वाळू भरून बूच घट्ट लावावें, म्हणजे ती कलंडत नाहीं. वाटाण्याएवढें मेण बोटांनीं मळून मऊ करावें, बुचावर दाबावें आणि त्यावर चित्राची बैठक अलगद टेंकवावी. मेण तळाशींच लागावें. इतरत्र लागल्यास तेथें पाण्यांतला रंग धरत नाहीं. कच्च्या मातीचें चित्र असल्यास मेणाऐवजीं ओली माती मुळींच वापरूं नये. चित्राचा तळच भिजून खचतो.

नंतर डाव्या हातांत बाटली धरावी, दोन्ही मनगटें मेजावर टेंकावीं आणि कुंचल्याच्या हाताची करंगळी बाटलीस लावावी. दोन हात एकमेकांस आधार देतात व कंप पुष्कळ कमी होतो. कुंचला फिरविण्याऐवजीं बाटली फिरवावी. रंग वाळेपर्यंत चित्रें त्याच बाटल्यांवर ओळीनें उभीं ठेवावीं, पण उन्हांत नव्हे. मेण ६२ ते ६४ अंशांस वितळतें खरें; परंतु आश्विनांतल्या मुंबईच्या उन्हांत तें त्याच्या पुष्कळ आधींच मऊ पडतें आणि मावळा आडवा होतो. सोडवितांना चित्र पिळूं अथवा ओढूं नये. शिवणाचा दोरा ताणून मेणांतून आरपार ओढावा.

यंदा अकरा चित्रें रंगविलीं, एकहि दुखावलें नाहीं. अंगरखे नातवानें रंगविले. मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटीं करतात, तशी आम्हींहि ती शेवटीं ठेविली होती. नातू बराच वेळ पाहत राहिला आणि मग बाटली आमच्या पुढें सरकवून म्हणाला, "आजोबा, डोळे तुम्हीच काढा ना."

चाळीस वर्षें आम्हीं मुलांचा हात धरून पाटीवर अक्षरें गिरवून घेतलीं. धरणें सोपें होतें. केव्हां सोडावें हेंच ओळखावें लागे. मेणाकडून तोच धडा आम्ही या वयांत पुन्हां शिकलों. पावलें गमावलेला मावळाहि यंदा बाटलीवर चढला. त्याचे डोळे काढून आम्हीं त्यास पुन्हां बुरुजामागें, गुडघाभर मातींत, पहाऱ्यावर उभें केलें आहे.