सीमा, मर्यादा आणि उंबरठा : समाजकार्यातील कुटुंबवाचन

कुटुंबाचे मूल्यमापन ही व्यावसायिक समाजकार्यातील एक वाचनक्रियाच आहे. मेरी रिचमंड यांच्या 'सोशल डायग्नोसिस' (१९१७) या ग्रंथाने व्यक्तीची अडचण तिच्या घराच्या व परिसराच्या संदर्भात तपासण्याची शिस्त घालून दिली. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले आणि या शास्त्राबरोबर त्याची परिभाषाही भारतात आली. त्या परिभाषेतील सर्वांत अडचणीचा शब्द 'बाउंडरी' हा होय.

साल्वादोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्कमधील दरिद्री वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर केलेल्या कामातून (१९६७) आणि पुढे १९७४ च्या ग्रंथातून ही संकल्पना रूढ केली. कोणी कोणत्या व्यवहारात भाग घ्यावा आणि कशा रीतीने, हे ठरविणारे नियम म्हणजे सीमा. त्यांच्या आकृत्यांत स्पष्ट सीमा तुटक रेषेने, विरलेली सीमा ठिपक्यांनी व ताठर सीमा अखंड रेषेने दाखविली जाते. ठिपक्यांच्या टोकाला परस्परांत गुंतलेले कुटुंब, तर अखंड रेषेच्या टोकाला विलग झालेले. ही टोके म्हणजे रोगाची नावे नव्हेत, असे खुद्द मिनुचिन यांनी बजावले होते. क्षेत्रकार्याच्या अहवालांत मात्र ती सहज निदान होऊन बसतात.

मराठीत 'बाउंडरी'ला 'सीमा' म्हणावे, तर ती गावाची वा राज्याची वाटते. 'हद्द' कचेरीतली, 'बांध' शेतातला आणि भाऊबंदकीतला. उरतो तो 'मर्यादा'. पण या शब्दात शालीनता आणि अदब आधीच मिसळलेली आहे. इंग्रजी संकल्पनेत सीमा व्यक्तीचे रक्षण करते, मराठी मर्यादा व्यक्तीने पाळावयाची असते, आणि ती पाळण्याचा भार बहुधा सुनेवर पडतो. सासर-माहेर ही जोडी व उंबरठा ही प्रतिमा यांत जो सीमाविचार आहे, तो जात्यावरच्या ओव्यांच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र त्याची दखल क्वचितच घेतली.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' मिनुचिन यांच्या चष्म्यातून वाचल्यास चष्म्याचीच मर्यादा दिसते. वडिलांच्या मृत्यूनंतर एकत्र आलेल्या देशपांडे कुटुंबात चंदूचे श्रम सर्वांचे आहेत, प्रभाच्या शिक्षणाचा निर्णय इतरांनी घेतलेला आहे, दागिन्यांवर अनेकांची नजर आहे. म्हणजे सीमा विरलेल्या. पण दुःख बोलून दाखविण्याच्या जागी त्याच घरात अखंड रेषा आहे. एकच कुटुंब द्रव्य-श्रमांच्या व्यवहारात गुंतलेले आणि भावनेच्या व्यवहारात विलग असू शकते. एका पट्टीवर एकच खूण करावयास लावणाऱ्या मूल्यमापनाला हे टिपता येत नाही. नाटकाला येते, कारण तेथे पात्रागणिक रेषा बदलते.

प्रश्न केवळ वर्णनाच्या अचूकतेचा नाही. कुटुंबातील प्रत्येक वर्तन इतरांच्या वर्तनाला दिलेले उत्तर आहे, असे मानणाऱ्या व्यवस्थावादी विचारात हिंसेची जबाबदारीही वाटली जाते. रेचेल हेअर-मस्टिन यांनी १९७८ मध्ये कुटुंबोपचाराची स्त्रीवादी चिकित्सा करताना सत्तेच्या या विस्मरणावर बोट ठेवले. भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा 'सामायिक घर' ही संकल्पना मांडतो आणि तेथे राहण्याचा हक्क स्त्रीला देतो. हा हक्क मागणाऱ्या स्त्रीच्या घराला अहवालात नुसते 'गुंतलेले' म्हटले, तर मारहाण हा जणू जवळिकीचाच अतिरेक ठरतो. उलट, एकत्र कुटुंबाचा प्रत्येक सल्लामसलतीचा रिवाज पारतंत्र्य म्हणून नोंदविला, तर तिला उद्या आधार देऊ शकणारी जाऊ किंवा सासूही नोंदीतून गळते.

म्हणून अनुभवी कार्यकर्ती गृहभेटीत सीमांविषयी थेट विचारीत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, शेवटी कोण जेवते, माहेरी जाताना कोणाला विचारावे लागते, फोन आला तर बाई कोठे उभी राहून बोलते, हे ती पाहते. 'घरातले बाहेर सांगू नये' असे म्हणून बाई थांबली, तर त्या थांबण्याची नोंद 'असहकार' या शब्दाने करावयाची की उंबरठ्यावरच्या मर्यादेची खूण म्हणून, यावर पुढची शिफारस अवलंबून राहते.