लॅपटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

दुकानाच्या गल्ल्याजवळ पूर्वी खतावणी असे, तिथे आता लॅपटॉप आला आहे. पाच-सहा वर्षांत तो रखडू लागतो, बिल करताना मध्येच बंद पडतो आणि मालक वैतागून नव्याची चौकशी करू लागतो. ही घाई महागात पडते. बिघाड कुठे आहे ते कळल्याखेरीज दुरुस्ती काय आणि खरेदी काय, दोन्ही अंदाजपंचेच.

त्याहीआधी हिशेबाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी, आणि तीही दुरुस्तीवाल्याच्या हाती यंत्र देण्यापूर्वी. विंडोज नव्याने टाकताना डिस्क कोरी होऊ शकते. लॅपटॉप बाजारात मिळतो, तीन वर्षांची येणी-देणी मिळत नाहीत.

आता लक्षणे पाहावीत. अर्ध्या तासात तापून बंद होत असेल तर बहुधा पंख्यात धूळ साचलेली असते किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असते. हे काम साफसफाईचे, खर्च किरकोळ. सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागत असतील आणि आत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्रावर केलेला याहून फायद्याचा खर्च नाही. वरचेवर निळा पडदा येत असेल तर रॅम तपासावी. तपासणीची सोय विंडोजमध्येच आहे, पैसे पडत नाहीत. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला असेल तर मात्र लॅपटॉप त्याच दिवशी बंद ठेवावा. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

मदरबोर्ड गेला की हिशेब बदलतो. आयकराच्या नियमाने संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. ६० हजारांचा लॅपटॉप चार पूर्ण वर्षांनंतर वहीत ७,७७६ रुपयांचा उरतो. हा बाजारभाव नव्हे, पण मापाला बरा. दुरुस्तीचा आकडा याच्या वर जाऊ लागला की हात आखडता घ्यावा.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने मोठी दुरुस्ती करू नये. लिनक्स फुकट मिळते खरे, पण ज्याचा कारभार टॅलीवर आहे त्याला ते अडचणीचे.

नवा घेताना बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. कंपोझिशन योजनेत नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवरच्या कराचे क्रेडिट मिळते. जुना भंगारात देण्याआधी डिस्क काढून आपल्याजवळ ठेवावी.