पंचनामा न होणाऱ्या शेळ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या पट्ट्यात वाघानं शेळी उचलली की गावभर बोभाटा होतो. वनरक्षक येतो, पंचनामा होतो आणि कागद पुढं सरकला तर नुकसानभरपाईही मिळते. त्याच गावात श्रावण-भाद्रपदात चार-पाच शेळ्या एकामागून एक वाळत जातात. केस राठ होतात, शेळी कळपाच्या मागं पडते, संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि एखाद्या सकाळी ती उठतच नाही. तिचा पंचनामा कुणी करत नाही. ‘पावसाळा बाधला’ एवढ्यावर विषय संपतो. अशा शेळीच्या पोटाचा चौथा कप्पा उघडून पाहिला, तर पावसाळ्याऐवजी दुसराच आरोपी हाती लागण्याची शक्यता फार मोठी असते.

त्याचं नाव हिमॉन्कस कंटॉर्टस. हा गोलकृमी दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड असतो. मादीच्या अंगात रक्तानं भरलेलं आतडं आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखी दिसते. एक जंत दिवसाकाठी साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त संपवतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पोटात हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर होतात, आणि आजारी शेळीत हजार ही काही फार मोठी संख्या नाही. वीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून सव्वा ते दीड लिटर रक्त असतं. पुढचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

रक्ताबरोबर त्यातली प्रथिनं जातात, प्रथिनं घटली की रक्तातलं पाणी झिरपून अंगात साठतं. मान खाली घालून दिवसभर चरणाऱ्या जनावरात ते जबड्याखाली उतरतं. ही सूज थंड असते, पिठाच्या गोळ्यासारखी दाबली जाते आणि दुखत नाही. घटसर्पातही ढोरांचा गळा सुजतो, पण ती सूज गरम आणि दुखरी असते, सोबत सणसणून ताप असतो आणि जनावर एक-दोन दिवसांत जातं. हा फरक ज्याला कळला त्याचा निम्मा गोंधळ मिटला. दुसरी फसगत हगवणीची. जंत म्हणजे हगवण, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हिमॉन्कसच्या शेळीला बहुधा हगवण लागतच नाही. लेंड्या चांगल्या पडतात, म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि शेळी आतून पांढरी होत जाते.

या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल असली की एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि आठवडाभरात ती दुसऱ्या शेळीत शिरण्याजोगी होते. दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून ती गवताच्या पात्यावर चढते. शेळीनं ते पातं खाल्लं की साधारण तीन आठवड्यांत तिच्याही लेंड्यांत अंडी सुरू. ऑस्ट्रेलियातले कृमितज्ज्ञ गॉर्डन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर याचं हवामान बांधून दिलं. महिन्याचं सरासरी कमाल तापमान १८ अंशांच्या वर आणि पाऊस ५० मिलिमीटरच्या वर असला की हा जंत फोफावतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मृगापासून दसऱ्यापर्यंत या दोन्ही अटी सहज पुऱ्या होतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा उघड्या माळावरच्या अळ्या करपून जातात. पण जंत तोवर शेळीच्या पोटात बसून असतो. पहिला पाऊस पडला की पोटातला हा साठा रानात उतरतो.

यापुढची गोष्ट औषधाच्या दुकानात कळत नाही, गावाचा शिवार पाहिल्यावर कळते.

शेळी मुळात झुडपाची पाती ओरबाडणारी, मान वर करून खाणारी. अळ्या मात्र जमिनीपासून काही बोटं उंचीवर असतात, झुडपाच्या शेंड्यापर्यंत त्या चढत नाहीत. रानात बोराटी, धावडा, पळसाची कोवळी पानं खात हिंडणारी शेळी म्हणून जंतांपासून बरीच सुरक्षित असते. पण धानाच्या मुलखात पावसाळ्यात काय होतं? रोवणी झाली की बांध्या, म्हणजे धानाची शेतं, बंद. ढोरं-बकऱ्यांना उरतं ते धुऱ्यावरचं, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या काठचं, पडीतलं आणि रस्त्याकडेचं गवत. त्यात जंगलात वाघ. राखणारा बहुधा म्हातारा माणूस किंवा शाळकरी पोर. तो कळप आत नेणार कसा? कळप गावाच्या नजरेच्या टप्प्यात, त्याच त्या दोन-चार एकरांत फिरत राहतो आणि काल टाकलेल्या लेंड्यांजवळचं गवत आज खातो. वाघानं नेलेल्या शेळ्या आपण मोजतो. वाघाच्या धाकानं गावालगत कोंडल्या गेलेल्या आणि जंतानं नेलेल्या शेळ्या त्याच खात्यात धरायला हव्यात, असं माझं मत आहे.

आखराचंही तेच. सकाळी गुराखी येईपर्यंत गावची सगळी ढोरं आखरावर जमतात, तिथंच शेण टाकतात, तिथलंच चार काड्या गवत ओढतात. भामरागडपासून नागभीडपर्यंत कुठल्याही गावात पाहा, वासरं आईच्या मागं याच जागेत लुडबुडत असतात.

वासरांचा जंत वेगळा, त्याची चाल तर आणखी धूर्त. टॉक्सोकारा विट्युलोरम हा पांढरट गोलकृमी तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मोठ्या गाई-म्हशींनी त्याची अंडी गिळली तर त्यांना दिसण्याजोगं काही होत नाही. अळ्या त्यांच्या यकृतात, स्नायूंत निपचित पडून राहतात. जनावर गाभण राहून विण्याच्या सुमाराला आलं की त्या जाग्या होऊन कासेकडं निघतात आणि पहिल्या काही दिवसांच्या दुधातून वासराच्या पोटात उतरतात. म्हणजे वासरानं अजून गवताला तोंड लावलेलं नसतं आणि त्याच्या आतड्यात जंत वाढीला लागलेले असतात. पांढरी-मातकट हगवण, फुगलेलं पोट, श्वासाला आंबूस वास, कधी जंतांच्या गुंत्यानं आतडंच बंद. म्हशीच्या पारडांत याचा तडाखा जास्त. चार-सहा महिन्यांत वासरू हे जंत आपोआप टाकून देतं, पण तोवर जगलं तर.

म्हणून चीक तोडायचा का? मुळीच नाही. चीक तोडलेलं वासरू जंताआधी दुसऱ्या रोगानं मरेल. उपाय तारखेत आहे. श्रीलंकेत म्हशींवर झालेल्या कामातून असं दिसलं, की वासरू १० ते १६ दिवसांचं असताना एकदा योग्य औषध दिलं तर जंत अंडी घालायला लागण्याआधीच बाहेर पडतात. वासरू वाचतं आणि गोठ्याची जमीनही. कारण या जंताची मादी रोज लाखाच्या घरात अंडी घालते आणि जाड कवचाची ती अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात. आपल्याकडं वासराला औषध पाजलं जातं ते पोट सुटल्यावर, दीड-दोन महिन्यांनी. तोवर अंडी गोठ्यात पसरून झालेली असतात.

माडिया आदिवासींच्या घरांत गाईचं दूध काढण्याची चाल पूर्वापार नव्हती, दूध वासराचंच. अशा ठिकाणी वासराची अडचण उपासमारीची नसून पोटातल्या वाटेकऱ्यांची असते. आणि आता या मुलखातल्या काठाणी गाई-बैलांना, धानाच्या चिखलात न थकता राबणाऱ्या या जातीला, राष्ट्रीय नोंदणी मिळाली आहे. पूर्व विदर्भाच्या हक्काच्या या जातीचं जतन करायचं तर सुरुवात जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या त्या एका मात्रेपासून करावी लागेल.

कोंबड्यांतला अस्कॅरिडिया, डुकरांतला अस्कॅरिस, गुरांच्या पोटाच्या पोकळीत पांढऱ्या सुतासारखा सापडणारा सेटेरिया हेही याच गोत्रातले. चंद्रपूर-गडचिरोलीत हत्तीपाय ओळखीचा आहे. तो आणणारा जंतही गोलकृमीच, फक्त माणसाचा. बोडीतल्या गोगलगाईंतून ढोरांत येणारे चपटे कृमी मात्र वेगळे, त्यांना औषधही वेगळं लागतं. कुत्र्यांचा टॉक्सोकारा दोन शब्दांत आटपत नाही. पिल्लू आईच्या पोटातूनच तो घेऊन जन्मतं आणि अंगणात विष्ठेतून अंडी टाकतं. दोन-तीन आठवड्यांनी ती मातीत पक्व होतात, मुलांच्या हाताला लागून तोंडात जातात आणि अळी क्वचित मुलाच्या डोळ्यातही पोचते. घरचं पिल्लू लाडाचं असेल तर त्याला दोन आठवड्यांचं झाल्यापासून जंताचं औषध सुरू करावं.

आता औषधाकडं. १९६१ मध्ये थायाबेंडॅझोल आलं आणि जंतांची सद्दी संपली असं वाटलं. तीनच वर्षांत अमेरिकेतून त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची बातमी आली. मग अल्बेंडॅझोल, फेनबेंडॅझोल, लेव्हामिसोल. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातलं जंतनाशक हुडकलं, आणि १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी बाजारात उतरलं. पुढं त्यानं आफ्रिकेतल्या लाखो माणसांची दृष्टी वाचवली, २०१५ चं नोबेलही मिळवून दिलं. त्यालाही निर्ढावलेले जंत आज जगभर आहेत. भारतातही मेंढ्या-शेळ्यांच्या कळपांत औषधांना दाद न देणारे जंत सत्तरीच्या दशकापासून नोंदले गेले आहेत.

हे का होतं, ते समजायला सोपं आहे. कळपातल्या सगळ्या शेळ्यांना एकाच दिवशी एकच औषध पाजलं की मरतात ते कच्चे जंत. वाचतात ते पक्के, आणि पुढची पिलावळ फक्त त्यांचीच. त्यात मात्रा कमी पडली तर काम आणखी बिघडतं. एका बाटलीत वीस शेळ्या उरकायच्या, वजनाचा अंदाज डोळ्यानं, शेळीला मेंढीची मात्रा. शेळीच्या अंगातून औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, त्यामुळे तिची मात्रा पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी लागते. कोरड्या मुलखातल्या उस्मानाबादी शेळ्या शेळीगट वाटपाच्या योजनेतून किंवा बाजारातून या ओल्या मुलखात येतात तेव्हा धोका दुहेरी असतो. इथल्या जंतांची त्यांना सवय नसते, आणि सोबत औषध पचवलेले जंत त्या आणूही शकतात. नवी शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, शेण तपासा, मगच कळपात सोडा.

दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी नव्वदीच्या दशकात यावर एक साधी युक्ती काढली. शेळी-मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी उलटायची आणि आतला रंग पाच रंगांच्या तक्त्याशी ताडायचा. लालबुंद असेल तर औषध नाही. फिकट गुलाबीच्या पुढं पांढुरकं असेल तर लगेच. फामाचा हे त्या पद्धतीचं नाव. तिच्यामागचा हिशेब असा, की कळपातले बहुतेक जंत वीस-तीस टक्के जनावरांतच गोळा झालेले असतात. औषध फक्त त्यांनाच दिलं की खर्च वाचतो, आणि बाकीच्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे साधे जंत शिल्लक राहतात. ते राहणंच फायद्याचं, कारण निगरगट्ट जंतांची पैदास त्यांच्यामुळे पातळ होते. ‘काही जंत मुद्दाम ठेवा’ हे पशुपालकाला पटवणं अवघड जातं, दवाखान्यातही. वर्षातून ठरावीक वेळा सरसकट पाजण्याची मोहीम कागदावर छान दिसते. शेळ्यांच्या बाबतीत तरी तिचा काळ संपत आला आहे, असं मला वाटतं. वासरांची गोष्ट वेगळी, तिथं प्रत्येक वासराला तारखेवर औषध हवंच.

पळसपापडीचं काय, असं झाडीपट्टीत हमखास विचारलं जातं. पळसाच्या बिया कृमींवर देण्याची रीत जुनी आहे, आणि मेंढ्यांवरच्या चाचण्यांत त्यांनी अंड्यांची संख्या घटल्याचंही दिसलं आहे. पण बीचा जोर झाडागणिक बदलतो आणि जास्त झाली तर बाधते. पांढऱ्या पापणीच्या शेळीवर तिचा प्रयोग करू नये. आयव्हरमेक्टिनचीही एक किंमत आहे. ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेण मातीत गाडून अंड्या-अळ्यांची नासाडी करणारे कामगार हेच, त्यांनाच आपण फुकट मारतो.

तपासणी करायला नागपूर गाठावं लागत नाही. ताजं शेण किंवा मूठभर लेंड्या, उन्हात न ठेवता, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मिठाच्या संपृक्त पाण्यात अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. औषध दिल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर ते लागू पडलं की नाही हेही कळतं. ही दुसरी तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि ती मागून घेणं हा तुमचा हक्क आहे. पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणाआधी दोन आठवडे अशक्त जनावरांचे जंत काढून घ्या, गाभण शेळीला विचारल्याशिवाय अल्बेंडॅझोल पाजू नका, सकाळी दव असताना कळप गवतात सोडू नका. आणि पुढच्या खेपेला दुकानातून बाटली घेण्याआधी प्रत्येक शेळीची पापणी उलटून पाहा. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन नंबर आहे १९६२.