ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही

रत्नागिरी आगाराच्या एसटीवर एमएच-२० ही आपल्या छत्रपती संभाजीनगरची नंबरप्लेट दिसली, तर खऱ्या एसटीप्रेमीला त्याचं नवल वाटत नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या बसबांधणीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि आपलं चिकलठाणा. गाडी जिथे बांधून होते, तिथल्या आरटीओचा नंबर तिला लागतो. म्हणून दापोडीची गाडी एमएच-१४, हिंगण्याची एमएच-४० आणि चिकलठाण्याची एमएच-२०. मग ती रत्नागिरीला जावो नाही तर गडचिरोलीला.

मोबाइलवरच्या खेळात लालपरी बनवणारा एखादा हौशी पोरगा बसवर ‘रत्नागिरी आगार’ लिहितो आणि जिल्हा रत्नागिरी म्हणून एमएच-०८ची पाटी ठोकतो. चाकं गोल, रंग लाल, काचा चकचकीत. सगळं जमलेलं असतं. पण जाणकाराच्या लेखी ती गाडी तिथेच खोटी ठरते. खेळातली वाहनं खरी का वाटतात आणि का वाटत नाहीत, हे समजून घ्यायला ही चूक फार उपयोगी आहे.

ज्या खेळांत जिंकण्या-हरण्यापेक्षा बनवण्याला महत्त्व असतं, त्यांना इंग्रजीत सँडबॉक्स म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत पोरं किल्ला करतात, तसलाच हा प्रकार. किल्ला कुणाला जिंकायचा नसतो. बुरूज नीट उभा राहिला का आणि पेरलेले हळीव वेळेत उगवले का, एवढीच चिंता. ‘गॅरीज मॉड’, ‘माइनक्राफ्ट’, ‘रोब्लॉक्स’ ही या पंथातली मोठी नावं. आपल्याकडच्या वाहनवेड्या मुलांचा ओढा मात्र ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’कडे जास्त. मालेओ या इंडोनेशियन कंपनीने २०१७ मध्ये आणलेला हा खेळ काटेकोर अर्थाने सँडबॉक्स नाही. पण त्यात बसला आपला रंगपट चढवता येतो आणि बाहेर बनवलेली गाडीही आत घालता येते, त्यामुळे अर्धी गंमत चालवण्यात आणि अर्धी बनवण्यात. शिवाय इंडोनेशियातही वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. स्टिअरिंग उजवीकडे, दरवाजा डावीकडे, म्हणजे एसटीला आयतंच घर मिळालं. त्याला साधा फोन पुरतो, हेही कारण आहेच.

आता बांधणी. चिकलठाण्याला टाटा किंवा अशोक लेलँडची चासी येते : इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि लांबलचक सांगाडा, त्यावर काही नाही. तिच्यावर चौकट उभी राहते, चौकटीवर पत्रा चढतो, मग काचा, आसनं, वायरिंग आणि शेवटी रंग. संगणकावरचा क्रमही साधारण हाच असतो, फक्त आतून सगळं पोकळ. ‘ब्लेंडर’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडायचं आणि हजारो त्रिकोणांची जाळी जोडून बसचं कवच उभं करायचं. चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकणारी मुलंही पडद्यावर वस्तू घडवतात. पण त्यांच्या साच्यात मायक्रॉनचा फरक पडला तर माल नापास होतो. खेळवाल्याला मायक्रॉनशी देणंघेणं नाही. त्याला दहा फुटांवरून बस बसच वाटायला हवी आणि स्वस्त फोन गरम होता कामा नये. म्हणून चाक खरोखर गोल नसतं. दोन-तीन डझन कडांचा तो बहुकोन असतो आणि धावताना कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या मते बसचं कवच उभं करणं हा या कामातला सोपा भाग. मोजमाप मिळालं की चिकाटीच्या कुणालाही ते जमतं. खरी कसोटी लागते ती पृष्ठभागाची, म्हणजे ज्याला ही मंडळी टेक्श्चर म्हणतात त्याची.

टेक्श्चर म्हणजे कवचावर गुंडाळलेलं चित्र. संगणकातल्या आकारावर चित्र चढवण्याची ही युक्ती एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. बसचं कवच आधी ‘उलगडावं’ लागतं : डावी बाजू, उजवी बाजू, टप, पुढचं तोंड, मागचं तोंड, सगळं कापून एका चौकोनात सपाट मांडायचं. त्या चौकोनावर रंगवलेलं चित्र मग बसवर जाऊन बसतं.

इथे गणित आडवं येतं. लालपरी अकरा-बारा मीटर लांब. तिची एक बाजू २०४८ पिक्सेल रुंदीच्या चित्रात बसवली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला साडेपाच-सहा मिलिमीटर पत्रा येतो. जुन्या एसटीच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगा असतात. एका रिव्हेटचं डोकं साधारण सेंटीमीटरभर, म्हणजे दोन पिक्सेल. दोन पिक्सेलांत गोल काय काढणार! चित्र दुप्पट मोठं, ४०९६चं केलं, तर बारकावा येतो, पण दाबून लहान न करता ठेवलं तर त्याची स्मृतीतली जागा १६ एमबीवरून ६४ एमबीवर जाते, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात. रस्त्यावर दहा बस असल्या की फोनने मान टाकलीच. ‘माइनक्राफ्ट’ने हा तिढा मुळातच सोडून दिला. तिथला ठोकळा एक मीटरचा आणि त्याचं चित्र १६ पिक्सेलांचं, म्हणजे पिक्सेल सव्वासहा सेंटीमीटरचा. तिथे रिव्हेटाचा विषयच संपला.

रिव्हेट दाखवायचा दुसरा मार्ग जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवला. पत्रा सपाटच ठेवायचा, फक्त प्रकाश कुठे कसा परतायचा याबद्दल संगणकाला थाप मारायची. त्यासाठी वेगळं चित्र लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण कुठला बिंदू कुठल्या दिशेला झुकल्यासारखा वागेल हे ते सांगतं. प्रकाश तसा पडला की डोळा उंचवटा मानून मोकळा होतो. फसवणूक म्हणाल तर आहेच, पण आपल्या शहराला तिचं वावडं नसावं. बीबी का मकबरा सतराव्या शतकातला. तो दुरून अख्खा संगमरवरी वाटतो. जवळ गेलं की कळतं, संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधला बराच भाग काळ्या दगडाचा आणि त्यावर घोटलेला पांढरा गिलावा. महागडा ऐवज नजर जाईल तिथे आणि बाकी ठिकाणी त्याचा भास, हाच हिशेब आजचे खेळ बनवणारेही करतात.

नवख्यांची सर्वांत मोठी फजिती होते ती चकाकीत. आजकालच्या खेळांत प्रत्येक पृष्ठभागाला रंगाखेरीज आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात : तो किती खरबरीत आणि तो धातू आहे की नाही. बस पत्र्याची, म्हणून पोरं ‘धातू’चा आकडा पूर्ण वर नेतात आणि लालपरी नाताळच्या लाल गोळ्यासारखी चमकू लागते. पण प्रकाश पत्र्याला शिवतच नाही, तो रंगाच्या थराला शिवतो आणि रंग धातू नव्हे. धातू दिसायला हवा तो रंग खरवडला गेला आहे तिथेच : दाराची कड, पायऱ्यांची पट्टी, गर्दीतल्या हातांनी उघडा पाडलेला दांडा.

खरवडल्यावर आत काय दिसतं, हे मात्र गाडीच्या जन्मसालावर ठरतं. एसटीच्या जुन्या बॉड्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या. २०१८च्या सुमारापासून महामंडळ पोलादी बॉडीकडे वळलं. ‘जुनी, थकलेली एसटी’ दाखवायची म्हणून पोरं ॲल्युमिनियमच्या बसवर नारिंगी गंजाचे ओघळ सोडतात. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. ते फिकट, करडं, पांढुरकं होतं. गंज दाखवायचाच तर बंपरवर दाखवा, चाकाच्या रिमवर दाखवा, चासीच्या खालच्या अंगाला दाखवा. पत्र्यावर दाखवलात तर ती एसटी नाही, परदेशी भंगारातून उचललेलं टेक्श्चर आहे.

मळाचंही तसंच. इंटरनेटवर ‘धूळ’ नावाची तयार चित्रं ढिगाने मिळतात आणि ती सबंध बसवर सारखी फासली जातात. जालना रोडवर उभं राहून एक एसटी नीट बघा. धुळीचा जाड थर चाकांच्या मागे आणि पाठीमागच्या तोंडावर असतो, कारण गाडीमागचा भोवरा ती तिथे ओढून घेतो. टपाजवळचा लाल रंग उन्हाने फिका पडलेला असतो, खालचा त्या मानाने गडद. खिडक्यांखाली पाण्याचे उभे ओघळ. आणि काही खिडक्यांखाली, हे रविवारी सकाळी लिहू नये, पण घाटातल्या प्रवाशांच्या पोटातले ओघळ. हे सगळं कशामुळे होतं ते कळलं की कुठे रंगवायचं तेही आपोआप कळतं. कारण ठाऊक नसलेला डाग लगेच उठून दिसतो.

अक्षरांची एक वेगळीच गंमत आहे. चित्रात जागा वाचावी म्हणून बसच्या दोन्ही बाजू एकाच तुकड्यावर उलगडायची सवय असते. एक बाजू रंगवली की दुसरीवर तीच आरशासारखी उमटते. मग एका अंगाला ‘महाराष्ट्र राज्य परिवहन’ सुलटं आणि दुसऱ्या अंगाला उलटं. शिवाय एसटीच्या दोन बाजू सारख्या नसतातच. दार एकाच बाजूला. २०१८ मध्ये आलेल्या ‘विठाई’च्या अंगावर विठोबाचं चित्र आहे, तिथे तर ही बचत अजिबात चालत नाही. काही साधनांत जोडाक्षरं फुटतात, ‘राष्ट्र’ची पार वाट लागते. त्यावर उपाय सोपा : मजकूर दुसरीकडे नीट लिहून त्याचं चित्रच चिकटवायचं. पाटीवर शहराचं नावही गाडीच्या काळाप्रमाणे हवं. नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, म्हणून ॲल्युमिनियमच्या भरज्वानीतल्या बसवर ‘औरंगाबाद’च शोभतं. आणि कुणाला १ जून १९४८ची पहिली पुणे-नगर गाडी करायची असेल, तर लाल डबा विसरा. ती लाकडी बॉडीची बेडफर्ड होती, रंग निळा आणि चंदेरी.

चालण्याबद्दल थोडक्यात. बहुतेक खेळांत चाक खरोखर रस्त्याला टेकत नाही. गाडीतून खाली एक अदृश्य रेघ सोडलेली असते, ती जमीन किती लांब आहे ते मोजते आणि त्या मापावर स्प्रिंग दाबली जाते. २०१३ पासून उपलब्ध असलेला ‘बीमएनजी’ याला अपवाद. तिथे अख्खी गाडीच बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचीक दांड्यांची असते, त्यामुळे धडक बसली की पत्रा खरा चेपतो. एसटीचे पाटे भरल्या गाडीच्या हिशेबाने कडक असतात, म्हणून रिकामी गाडी जास्त आदळते. अनेक खेळांत प्रवाशांना वजनच नसतं, त्यामुळे गाडी रिकामी असो की उभे प्रवासी कोंबलेली, कन्नडच्या घाटात ती सारखीच वागते. उलटू नये म्हणून गुरुत्वमध्य खाली ओढून ठेवण्याची पळवाटही सर्रास. मला ती पटत नाही. वळणावर एसटीचा टप बाहेर झुकला नाही, तर उशाची पिशवी सावरण्यातली मजा काय?

या जगातली एक खटकणारी गोष्ट म्हणजे चोरी. महिनोन्महिने खपून कुणी बस बनवतो आणि दुसरा कुणी नाव खोडून तीच पुन्हा वाटतो, क्वचित विकतोही. गाडी फुकट मिळाली म्हणून ती बेवारस होत नाही; मुलांना हे घरी आणि शाळेत सांगायला हवं. महामंडळाचं बोधचिन्ह वापरून पैसे कमावणं हा तर निराळाच गुन्हा ठरू शकतो.

आणि महामंडळाकडे एक मागणी. ॲल्युमिनियमच्या बस झपाट्याने जात आहेत. पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं १ एप्रिल २०२३ पासून भंगारात काढण्याचा केंद्राचा नियम आहे. चिकलठाणा, दापोडी आणि हिंगण्याकडे या बॉड्यांची मोजमापं आणि आराखडे असणार. ते आणि रंगांच्या अधिकृत छटा सर्वांसाठी खुल्या केल्या, तर त्यात महामंडळाचं काहीच जात नाही. तोवर वाचकांनी जमेल तेवढं करावं. बसस्थानकात जुनी गाडी उभी दिसली, तर परवानगी घेऊन फोटो काढा. दिवस ढगाळ असू द्या, म्हणजे उन्हाच्या सावल्या चित्रात अडकत नाहीत. तिरक्या कोनातून नको; थोडं लांब, बाजूला काटकोनात उभं राहून काढा. लागोपाठच्या फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सामाईक ठेवा, म्हणजे ते जोडता येतात. सेल्फी नंतर. आणि टपाचा, चाकांच्या मागचा, पायऱ्यांखालचा भाग सोडू नका, कारण तिथले फोटो कुणीच काढत नाही.