झाडाचे दोन प्रवास

दिल्लीत दिवाळी जवळ आल्याची बातमी आधी नाकाला लागते. ऑक्टोबरात आर. के. पुरम या सरकारी वसाहतीच्या रस्त्यांवर अंधार पडला की सातवीण दरवळू लागते. इथे तिला सप्तपर्णी म्हणतात. फुलं हिरवट पांढरी, बारीक, झुपक्यांनी लागलेली. दिवसा त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. रात्री मात्र वास इतका दाट होतो की काहींना तो हवाहवासा वाटतो आणि काहींचं डोकं दुखतं. सातवीण मूळची ओलसर जंगलांतली. कोकणात, सह्याद्रीत ती आपली आपण वाढते. दिल्लीच्या कोरड्या, खडकाळ रिजशी, म्हणजे अरावलीच्या इथल्या टेकड्यांशी, तिचं नातं नव्हतं. सदाहरित, सरळ वाढणारं, पानगळीचा फारसा पसारा न करणारं झाड म्हणून बागखात्यांनी तिला रस्तोरस्ती लावलं.

दर वर्षी या दिवसांत सातविणीवर एक आरोप होतो: हिच्या परागांमुळे दमा वाढतो. वासाचा त्रास होणाऱ्यांना तो होतोच, त्याबद्दल वाद नाही. परागांचा आरोप मात्र चुकीच्या झाडावर आहे. ज्या फुलाला वास असतो, त्याला कुणाला तरी बोलवायचं असतं. सातविणीचं बोलावणं रात्री उडणाऱ्या पतंगांना असतं आणि तिचे चिकट पराग त्यांच्याच अंगावरून पुढे जातात. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडाला अत्तराचा खर्च कशाला हवा? वाऱ्याला नाक नसतं.

खरा आरोपी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तो म्हणजे वावळ, इथला पापडी किंवा चिलबिल. रिजवर आणि जुन्या इमारतींच्या आवारात ही झाडं भरपूर आहेत. पानं झडलेल्या फांद्यांवर पाकळ्या नसलेली, बिनवासाची, मातकट फुलं येतात आणि हवेत अमाप पराग सोडून देतात. दिल्लीतल्या परागांच्या ॲलर्जीचा अभ्यास करणाऱ्यांच्या यादीत वावळ कायम वरच्या जागी असते. सातविणीला शिव्या देणारे लोक फेब्रुवारीत शिंकताना वावळीखाली उभे असतात.

झाड जागचं हलत नाही, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. पण सपुष्प वनस्पतीच्या आयुष्यात दोन प्रवास असतात. पहिला परागकणाचा, एका फुलाकडून दुसऱ्याकडे. दुसरा बीचा, आईच्या सावलीतून बाहेर. दोन्हींसाठी वाहन दुसऱ्याचं लागतं, आणि भाडं बहुतेक वेळा आगाऊ भरावं लागतं. वावळ दोन्ही प्रवास वाऱ्यावर करते: पराग फेब्रुवारीत आणि पापडासारख्या चपट्या, पंखवाल्या बिया उन्हाळ्यात. सातवीण पहिल्यासाठी पतंग वापरते, दुसऱ्यासाठी वारा. तिच्या लांब बारीक शेंगा सुकून उकलल्या की दोन्ही टोकांना केसांचे झुबके असलेल्या बिया उडत निघतात. काटेसावरीचंही गणित तेच आहे, फक्त पहिल्या प्रवासाला ती पक्षी लावते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण सावरीवर लाल, मांसल, वाटीएवढी फुलं येतात; त्यांच्या तळाशी पातळ मध भरपूर असतो. साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल सगळे तिथे जमतात, खारीही येतात. चोच आत घालताना कपाळाला पराग लागतो. एप्रिल-मे उजाडला की बोंडं फुटतात आणि सेक्टरच्या गल्ल्यांमधून सावरीची म्हातारी फिरू लागते.

बहाव्याची गोष्ट जरा वेगळी. मे महिन्यात दिल्ली भाजून निघत असताना त्याचे पिवळे घोस लोंबतात. या फुलात मध नाही. भाडं परागातच चुकवायचं, म्हणजे जो माल पाठवायचा तोच वाहतूकदाराला खायला द्यायचा. यावर बहाव्याने तोडगा काढला आहे. त्याचे दहा पुंकेसर सारखे नसतात. तीन लांब आणि बाकदार, चार मध्यम, तीन खुरटलेले. मोठा काळा भुंगा मधल्या पुंकेसरांना धरून पंखांचे स्नायू थरथरवतो आणि पराग झटकून घेतो. त्याच वेळी लांब पुंकेसर त्याच्या अंगाच्या अशा भागावर पराग टाकतात, जिथून तो सहज पुसून घेता येत नाही. एक खाण्यासाठी, एक पाठवण्यासाठी, अशी ही वाटणी असल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

पहिल्या प्रवासाची सगळ्यात अजब व्यवस्था पिंपळाची. आर. के. पुरमच्या सेक्टर 5 मध्ये वजीरपूरचा गुंबद आणि सेक्टर 3 मध्ये बिजरी खानाची कबर आहे. सरकारी क्वार्टर्सच्या मध्येच असे जुने घुमट उभे असतात. अशा घुमटांच्या भेगांत पिंपळाचं रोप डोकावताना दिसतं. ते तिथे कसं पोचलं हे सांगण्याआधी बी तयार कशी झाली ते पाहायला हवं. पिंपळाचं फळ म्हणजे खरं तर आत वळलेला फुलोरा; शेकडो सूक्ष्म फुलं एका बंद गोळ्यात. आत जायला एकच अरुंद छिद्र असतं आणि त्यातून जाऊ शकते ती फक्त एका विशिष्ट जातीच्या गांधीलमाशीची मादी, आकाराने मिलिमीटर-दोन मिलिमीटर. आत शिरताना तिचे पंख तुटतात. आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी बिनपंखांचे नर निघतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाला बाहेर पडायचा बोगदा पाडतात आणि बहुतेक आतच संपतात. नव्या माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हाती एखाद-दोन दिवसांचं आयुष्य, आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतलं दुसरं पिंपळाचं फळ सापडलंच पाहिजे. म्हणूनच पिंपळ-उंबर-वडांच्या वस्तीत त्या त्या जातीच्या कुठल्या ना कुठल्या झाडावर वर्षभर फळं असावी लागतात. एकट्यादुकट्या झाडावर ही साखळी तगत नाही.

पुढचं काम तांबट आणि बुलबुल करतात. फळ खातात, घुमटावर बसतात, विष्ठेतून बी चुन्याच्या भेगेत पडते. पिंपळाच्या रोपाला माती लागत नाही, ओल आणि फट पुरते. मुळं जाड झाली की चुन्याचे सांधे सुटू लागतात, आणि मग पुरातत्त्व खात्याची माणसं शिडी लावतात.

आता पुन्हा पहिल्या प्रवासाकडे. आतापर्यंत पाहिला तो फक्त परागाने फुलाच्या दाराशी पोचण्याचा भाग. कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडलेल्या परागकणातून एक नळी फुटते आणि कुक्षीवृंतातून खाली बीजांडापर्यंत वाढत जाते. तिच्यात दोन पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी, असतात. एकाचा अंड्याशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसऱ्याचं काय होतं हे 1898 साली कीव्हच्या सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं: तो मधल्या केंद्रकांशी एकरूप होतो आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे बाळाची शिदोरी, तयार होते. या दुहेरी फलनावर माणसाचं जेवण उभं आहे. दिवाळीच्या फराळाकडे या नजरेने पाहावं. अनारशाचं तांदळाचं पीठ हा भ्रूणपोष. करंजीतलं खोबरं हाही भ्रूणपोष, आणि शहाळ्याचं पाणी तर त्याचं पातळ रूप. बेसनाच्या लाडवातलं हरभऱ्याचं पीठ मात्र वेगळं. डाळींत भ्रूणपोष बी तयार होतानाच संपून गेलेला असतो आणि आपण खातो ती भ्रूणाची दोन जाड दलं. चकलीच्या भाजणीत तांदूळ आणि डाळी एकत्र येतात, म्हणजे दोन्ही प्रकार एकाच सोऱ्यातून बाहेर पडतात.

आणि अनारसा ज्या खसखशीवर थापतात, तिचा दिल्लीच्या विज्ञानाशी थेट संबंध आहे. पंचानन माहेश्वरी 1949 साली दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख म्हणून आले. जन्म जयपूरचा, 1904 चा. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1950 साली निघालं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांचं पाठ्यपुस्तक झालं. त्यांच्या विभागात एक साधा पण धीट प्रश्न विचारला गेला: परागनळीला इतका लांबचा रस्ता कापायला का लावायचं? कुसुम कांता, एन. एस. रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या, म्हणजे खसखशीच्याच झाडाच्या, फुलातली बीजांडं बाहेर काढली, पोषक माध्यमावर परीक्षानळीत ठेवली आणि पराग थेट त्यांच्यावर टाकले. कुक्षी नाही, कुक्षीवृंत नाही. तरी फलन झालं, बिया तयार झाल्या. 1962 साली हे काम ‘नेचर’मध्ये छापून आलं. माणसाचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ यायला अजून सोळा वर्षं होती. पुढे रंगस्वामी आणि के. आर. शिवण्णा यांनी हीच वाट पेटुनियासाठी वापरली. पेटुनिया म्हणजे दिल्लीच्या हिवाळ्यात घरोघरच्या कुंड्यांत दिसणारं कर्ण्यासारखं फूल. त्याच्या एका जातीचं फूल स्वतःचेच पराग ओळखून अडवतं. बीजांडांवर थेट पराग टाकल्यावर मात्र ही अडवणूक चुकवता आली.

त्याच विभागातली दुसरी गोष्ट धोतऱ्याची. आर. के. पुरमच्या पडीक कोपऱ्यांत, कचराकुंडीच्या मागे धोतरा हमखास सापडतो. संध्याकाळी पांढरा कर्णा उलगडतो. शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी (पंचानन यांचे चिरंजीव) धोतऱ्याचे कोवळे परागकोश पोषक माध्यमावर वाढवत होते. पेशीविभाजन पाहणं हा त्यांचा हेतू होता. काही आठवड्यांनी परागकोशातून चक्क भ्रूण बाहेर डोकावू लागले. अंडं नाही, फलन नाही, नुसत्या परागकणापासून रोप! 1964 साली ही नोंदही ‘नेचर’मध्ये आली. अशा रोपात गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट केला की पिकाचं शुद्ध वाण एका पिढीत मिळतं, एरवी त्याला सहा-सात पिढ्यांची निवड लागते. भात, गहू, बार्ली यांच्या सुधारणेत ही युक्ती जगभर वापरली गेली. शिप्रा गुहा-मुखर्जी पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. मुनिरका ओलांडलं की ते विद्यापीठ येतं. आपल्या शाळांत मेंडेलचे वाटाणे पाठ करून घेतात ते योग्यच आहे, पण गल्लीतल्या धोतऱ्याची ही गोष्ट त्यांच्याशेजारी का नसते, हे मला कळलेलं नाही.

आता दुसरा प्रवास, बीचा. आर. के. पुरम साठच्या दशकात सरकारी नोकरांसाठी वसलं, इथे कुटुंबं बदलीने येतात आणि बदलीने जातात. इथल्या बहुतेक झाडांचंही तसंच आहे: नर्सरीतून हुकमाने आली, सांगितल्या जागी उभी राहिली. बहाव्याचंच पाहा. त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगांतला गोडसर गर जंगलात कोल्हे, अस्वलं, माकडं खातात आणि टणक बिया दूर टाकतात. वसाहतीत शेंग गळली की झाडूवाला ती उचलतो. फुलांना भुंगे मिळतात, शेंगा धरतात, पण पुढची पिढी जवळपास पूर्णपणे सरकारी रोपवाटिकेच्या हाती असते. माळी बिया गरम पाण्यात किंवा आम्लात बुडवतो, कारण एरवी त्यांचं कवच उघडतच नाही. कोल्ह्याच्या पोटाचं काम आता तो करतो. 2018 साली शेजारच्या मोहम्मदपूरसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी हजारो झाडं तोडायची योजना होती. लोक रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाने तोड थांबवली. ‘झाडं दुसरीकडे हलवू’ हे आश्वासन तेव्हाही होतं. बदलीचा हुकूम बीला मानवतो, साठ वर्षांच्या झाडाला क्वचितच.

हुकमाची वाट न पाहणारीही आहेत. वेडी बाभूळ, इथली विलायती कीकर, मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आली आणि नवी राजधानी उभी राहत असताना बोडक्या रिजवर हिरवाई हवी म्हणून दिल्लीत लावली गेली. तिच्या गोड शेंगा शेळ्या, गुरं, नीलगायी खातात आणि बिया शेणाबरोबर, अंकुरायला तयार होऊन, बाहेर पडतात. तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटते. बिया मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आज रिजवर जिकडे पाहावं तिकडे तीच दिसते. गाजर गवताला तर कुणी लावावंही लागलं नाही. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती 1955 साली पुण्यात, उकिरड्यांवर. आता आर. के. पुरमच्या प्रत्येक रिकाम्या तुकड्यावर पावसानंतर ते असतं, एकेका रोपाला हजारो बिया. ते भारतात आणल्याचा दोष अमेरिकेच्या पी. एल. 480 धान्ययोजनेतल्या गव्हाला देतात. भारताचा तो करार 1956 चा, म्हणजे नोंदीनंतरचा. अर्थात अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता.

आर. के. पुरमच्या पश्चिमेला, वसंत विहारलगत, जवळपास सातशे एकरांवर अरावली जैवविविधता उद्यान आहे. पूर्वी तिथे खाणी होत्या, नंतर सगळीकडे कीकर. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विकास प्राधिकरणासाठी तिथे एक सबुरीची पद्धत वापरली. कीकर सरसकट तोडायची नाही. तिचा माथा छाटून खाली ऊन पोचवायचं, त्या उजेडात अरावलीची देशी झाडं वाढवायची आणि ती उंच झाली की कीकर त्यांच्या सावलीत आपोआप मागे पडते. देशी झाडं फळली की बुलबुल आणि तांबट येतात आणि येताना इतरत्र खाल्लेल्या फळांच्या बिया घेऊन येतात, त्यामुळे न लावलेली रोपंही उगवू लागतात. नीलगाय मात्र कुंपणापलीकडच्या कीकरच्या शेंगा खाऊन तिथेही येते, त्यामुळे उगवलेली नवी कीकर उपटण्याचं काम दर पावसाळ्यानंतर करावंच लागतं.