अर्ध्या वाटेवरचा नवा कन्सोल

गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून मुख्यतः खेळांसाठी वापरले जाणारे यंत्र, साधारण सहा-सात वर्षांनी पिढी बदलते. मात्र 2016 मध्ये प्लेस्टेशन 4 प्रो आणि 2017 मध्ये एक्सबॉक्स वन एक्स आल्यापासून त्याच पिढीचे अधिक ताकदवान रूप मध्येच विकण्याचा प्रघात पडला. नोव्हेंबर 2024 मधील प्लेस्टेशन 5 प्रोची गोष्ट भारतापुरती विचित्र ठरली: त्यातील वाय-फाय 7 मध्ये वापरला जाणारा 6 गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा त्या वेळी येथे खुला नसल्याने सोनीने ते यंत्र तेव्हा भारतात आणलेच नाही, त्यामुळे नांदेड-लातूरच्या ग्राहकापुढे ते घ्यावे की नाही हा प्रश्न रीतसर उभाच राहिला नाही.

राहिला असता, तरी उत्तर फारसे उत्साहाचे नसते. चित्र रेखाटण्याचा वेग सुमारे 45 टक्क्यांनी वाढल्याचा सोनीचा दावा मोठ्या 4के पडद्यावर जितका जाणवतो तितका जुन्या टीव्हीवर जाणवत नाही. शिवाय 2024 मध्ये सुमारे 700 डॉलर मोजूनही डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागे, आणि वापरलेली डिस्क विकून पुढचा खेळ घेणाऱ्याला ही कपात बोचतेच. संगणकावर खेळणाऱ्याला तर याचे अप्रूपच नाही, कारण कॅबिनेट तेच ठेवून फक्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रनिर्मितीचा भाग, बदलता येतो, आणि परीक्षांच्या कसून तयारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या गावात संगणक निदान अभ्यासाच्या नावाने तरी मागता येतो, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वर्षात निव्वळ खेळाचे यंत्र मागण्याची हिंमत कोण करणार? उरतो तो प्लेस्टेशन 4 वरून थेट उडी घेणारा. 2021 मध्ये 49,990 रुपयांना मूळ प्लेस्टेशन 5 घेतलेल्याला मात्र घाई नाही.