फ्रेंच घरातील मेजवानी

२०१० साली युनेस्कोने फ्रेंच भोजनाचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला, तो एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर जीवनातील महत्त्वाच्या प्रसंगी आप्तेष्टांनी एकत्र जेवण्याच्या प्रथेसाठी. प्रथम भूक चाळविणारे पेय, मग आरंभीचा पदार्थ, त्यानंतर भाज्यांसह मासे किंवा मांस, पुढे चीज आणि शेवटी गोड, असा हा क्रम. पूर्वी धनिकांच्या मेजावर अनेक पदार्थ एकदमच मांडीत. एकामागून एक वाढण्याची पद्धत १९ व्या शतकात रशियन रिवाजावरून रूढ झाली. दोन पदार्थांमधील अवकाश अर्थातच गप्पांसाठी!

परंतु घरी नोकरचाकर नसता यजमानीण त्या गप्पांत बसावी कशी? 'पोतोफ', म्हणजे विस्तवावरचे भांडे, हा साधा पदार्थ येथे उपयोगी पडतो. गोमांस व कंदमुळे एकत्र मंदाग्नीवर कित्येक तास शिजवितात. आधी त्यांचे सार वाढावयाचे, नंतर मांस व भाज्या. एका भांड्यात भोजनाचे दोन टप्पे पार पडतात. चीज बाजारातून येते, गोड सकाळीच करून ठेवता येते. यजमानीण पाहुण्यांबरोबर बसू शकली नाही, तर मेजवानी कितीही रुचकर झाली तरी ती अपुरीच म्हणावयाची.